ताटाशेजारची बाटली : फ्रान्सची वाइन साठ वर्षांत कुठे गेली?

१९६१ साली फ्रान्समध्ये पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला सुमारे २६ लिटर शुद्ध अल्कोहोल बाजारात येत होतं. हा आकडा नुसता वाचून डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही, म्हणून मी तो आपल्या मापात घालून बघितला. २६ लिटरला ३६५ ने भागलं की रोजचे ७१ मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं; त्या हिशेबाने झाले १६६ मिलिलिटर. म्हणजे माणशी रोज जवळपास एक क्वार्टर. यात मठातल्या नन आल्या, अंथरुणाला खिळलेले आजोबा आले, अकरावीतली पोरं आली. जे थेंबभरही घेत नव्हते त्यांचा वाटा दुसरं कोणीतरी रिचवत होतं.

२०१७ साली हाच आकडा ११.७ लिटरवर आला. त्याच मापात रोजचे ७५ मिलिलिटर, म्हणजे सव्वा पेग. फार कमी झालं असं नव्हे. जगाच्या यादीत फ्रान्स अजूनही वरच्या भागात आहे. पण एखाद्या देशाची पिण्याची पातळी शांततेच्या काळात निम्म्याहून खाली यावी आणि तिथे एकही दिवस दारूबंदी नसावी, ही गोष्ट विरळाच.

मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं त्याचं कारण आपल्याकडच्या चर्चेत आहे. दारूचा विषय निघाला की आपल्याला दोनच टोकं दिसतात : बंदी करा, नाहीतर महसूल मोजा. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता, सरकारने नळ बंद करायचा की सोडायचा. फ्रान्समध्ये नळ सोडलेलाच होता. उलट कित्येक दशकं सरकारनेच तो जोरात सोडून ठेवला होता. तरी पाणी, म्हणजे वाइन, ओसरली. कशी, हे बघायचं आहे.

आकडा कुठून येतो

आधी मोजमापाबद्दल थोडं, कारण सगळी गफलत इथूनच सुरू होते. वरचे आकडे 'पुरवठ्या'चे आहेत. लोकांनी घेतलेले घोट कोणी मोजलेले नाहीत. करखात्याने शुल्क भरून सोडलेला माल मोजलेला आहे. फ्रेंच वाइनच्या बाटलीच्या तोंडावर टोपण असतं, त्यावर वर्षानुवर्षं मारियानचा छाप असायचा. मारियान म्हणजे फ्रेंच प्रजासत्ताकाची प्रतीकात्मक स्त्री. हिरव्या रंगाचा छाप असला तर ठरावीक प्रदेशाचं नाव लावायचा अधिकार असलेली चांगली वाइन, निळा असला तर साधी. घेणाऱ्याला तो सजावटीचा भाग वाटायचा. प्रत्यक्षात ती शुल्काची पावती होती. अशा पावत्यांखाली गेलेले लिटर, त्याला त्या पेयातल्या अल्कोहोलचं प्रमाण लावायचं, सगळ्या पेयांची बेरीज करायची आणि पंधरा वर्षांवरच्या लोकसंख्येने भागायचं. झाला दरडोई पुरवठा.

यात भोकं आहेत. पर्यटकाने पॅरिसमध्ये प्यायलेला ग्लास फ्रेंच माणसाच्या खात्यावर पडतो. तळघरात वीस वर्षं ठेवलेली बाटली विकली त्याच वर्षी 'प्यायली' जाते. शेतकऱ्याने घरच्यासाठी काढलेली दारू नीट मोजली जात नाही. आणि हे शेवटचं प्रकरण फ्रान्समध्ये किरकोळ नव्हतं : फळबाग असलेल्या शेतकऱ्याला १० लिटर शुद्ध अल्कोहोलइतकी दारू करमाफीत गाळून घ्यायचा हक्क होता आणि तो वारसाने पुढे जायचा. १९६० साली सरकारने ही वारसाहक्काची वाट बंद केली. ज्याच्याकडे हक्क आहे तो मरेपर्यंत त्याचा, पोराला नाही. हातभट्टीवर धाड न घालता हातभट्टी म्हातारी होऊ देण्याचा हा मार्ग मला फार फ्रेंच वाटतो.

एवढी भोकं असूनही साठ वर्षांची दिशा बदलत नाही. आकडा दोन-पाच टक्क्यांनी इकडेतिकडे असेल, पण निम्म्याचं दुप्पट होत नाही.

एवढी वाइन आलीच कुठून

घसरण समजायची तर चढण आधी समजली पाहिजे. फ्रेंच माणूस अनादि काळापासून रोज वाइन पितो, ही समजूत बरीचशी पोस्टकार्डावरची आहे. उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या गावांमध्ये शेतमजूर सायडर, म्हणजे सफरचंदाची हलकी दारू, प्यायचा, बियर प्यायचा, नाहीतर पाणी. दक्षिणेतली स्वस्त लाल वाइन सगळ्या देशात पोचवली ती रेल्वेने.

१८७५ साली फ्रान्समध्ये ८ कोटी ४० लाख हेक्टोलिटर वाइन झाली. एक हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर. आणि त्याच वेळी मुळांवर फायलोक्सेरा बसला होता. अमेरिकेतून आलेली ही बारीक कीड द्राक्षाची मुळं खाते. १८८९ पर्यंत उत्पादन २ कोटी ३० लाखांच्या आसपास आपटलं. उपाय सापडला तोही अमेरिकेतच : किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलाच्या खुंटावर फ्रेंच डोळा बांधायचा. निफाड-दिंडोरीचा बागायतदार आज डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो. त्याचं कारण वेगळं आहे, खारं पाणी आणि ताण, पण युक्ती त्याच घराण्यातली.

मधल्या टंचाईच्या वर्षांत दोन गोष्टी घडल्या. एक, व्यापाऱ्यांनी बेदाणे भिजवून, साखर घालून वाइन 'बनवायला' सुरुवात केली. दोन, अल्जीरियात फ्रेंच वसाहतवाल्यांनी हजारो हेक्टरवर द्राक्ष लावलं. मग दक्षिणेतल्या लांगदोकच्या बागा नव्या खुंटांवर पुन्हा उभ्या राहिल्या आणि सगळा माल एकदमच बाजारात आला. भाव कोसळले. टोमॅटोचं, कांद्याचं जे आपण बघतो तेच, फक्त वाइनचं.

१९०७ चा उन्हाळा लांगदोक अजून विसरलेलं नाही. मार्सलां आल्बेर नावाचा एका खेड्यातला कॅफेवाला आणि द्राक्ष शेतकरी पुढे आला आणि रविवारमागून रविवार सभा वाढत गेल्या. ९ जूनला माँपेलिएत पाच लाखांहून जास्त माणूस जमला. नार्बोनमध्ये सैन्याने गोळ्या घातल्या, माणसं मेली. बेझिएकडची स्थानिक पोरं भरलेली १७ वी पलटण बंड करून उठली. आल्बेर लपतछपत पॅरिसला पंतप्रधान क्लेमान्सोंना भेटायला गेला. क्लेमान्सोंनी त्याचं ऐकून घेतलं आणि परतीच्या रेल्वे तिकिटासाठी १०० फ्रँकची नोट हातावर ठेवली. बिचाऱ्याने ती घेतली. दुसऱ्या दिवशी पत्रकारांना बातमी मिळाली, आणि आल्बेर विकला गेला म्हणून स्वतःच्याच माणसांत त्याची छीथू झाली. शेतकरी नेत्याला संपवायला गोळीपेक्षा नोट बरी, हे क्लेमान्सोंना चांगलं ठाऊक होतं. भेसळीविरुद्धचा कायदा मात्र त्याच महिन्यात झाला.

कायद्याने भेसळ आटोक्यात आली, उत्पादन नाही. माल खपवायचा कुठे? पहिल्या महायुद्धाने उत्तर दिलं. खंदकातल्या सैनिकाला रोजच्या शिध्यात पाव लिटर लाल वाइन मिळायची. १९१६ साली ती अर्धा लिटर झाली, १९१८ पर्यंत पाऊण. सैनिक तिला लाडाने 'पिनार' म्हणत. सायडर पिणाऱ्या नॉर्मंडीचे आणि ब्रिटनीचे लाखो तरुण चार वर्षं लाल वाइन पिऊन घरी गेले, आणि सवय घेऊन गेले. त्याच युद्धात, १९१५ साली, अॅबसिंथ या कडक दारूवर मात्र बंदी आली. वाइन ही देशभक्तीची आणि अॅबसिंथ हा विनाशाचा, अशी विभागणी तेव्हापासून पक्की झाली. १९३१ साली पुन्हा अतिउत्पादन झालं तेव्हा सरकारने नव्या लागवडीवर निर्बंध घातले आणि वाइनच्या प्रचारासाठी एक राष्ट्रीय समितीही नेमली. लोकांनी जास्त प्यावं म्हणून सरकारी समिती!

तर १९६१ चे २६ लिटर हे असे आले. परंपरा त्यात थोडी. रेल्वे, वसाहत, युद्ध आणि अतिउत्पादन हेच जास्त.

सहा चांदण्यांची बाटली

त्या काळातली एक वस्तू नीट बघण्यासारखी आहे. जाड काचेची एक लिटरची बाटली, खांद्याभोवती काचेतच उठवलेल्या चांदण्यांची माळ. किराणा दुकानातून आणायची, डिपॉझिट भरायचं, रिकामी परत न्यायची. आरेच्या दुधाच्या बाटल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. चिठ्ठीवर कंपनीचं नाव आणि अंश, म्हणजे अल्कोहोलचे टक्के : १०, ११, १२. गावाचं नाव नाही, द्राक्षाची जात नाही, साल नाही. एका ब्रँडची जाहिरात वाइनला 'पोटाचं मखमल' म्हणायची, त्यावरून ग्राहक कोण होता ते कळतं. कष्ट करून आलेला, भूक लागलेला माणूस.

आत काय असायचं? लांगदोकच्या सपाट जमिनीवर आरामों नावाची भरघोस पिकणारी जात लावलेली असायची. तिची वाइन फिकी, पातळ, आठ-नऊ अंशांची. तिच्यात अल्जीरियाची उन्हात पिकलेली, काळपट, कडक वाइन मिसळली की ताकद यायची. व्यापारी अल्जीरियाच्या वाइनला 'औषधी वाइन' म्हणत, कारण आजारी वाइनला ती उभी करायची. शेतकऱ्याला भाव मिळायचा तो हेक्टोलिटर गुणिले अंश अशा हिशेबाने. डेअरीवर फॅट लावून दुधाचा भाव ठरतो, तसाच. असा भाव असला की चव सुधारायला कोणाचा जीव जाणार? पाणी पाजून टनेज काढायचं आणि सहकारी वायनरीत नेऊन ओतायचं.

ही वाइन जेवणाचा भाग होती. डाळ-भाताशेजारी ताक असावं तशी. शाळेतसुद्धा. पोरांच्या जेवणात पाण्यात मिसळलेली वाइन असायची, आणि चौदा वर्षांखालच्यांना शाळेच्या खानावळीत ती द्यायची नाही हा आदेश निघाला १९५६ साली. थोरल्यांना सूट राहिली. त्यांच्या ताटावरून ती १९८१ ला गेली. १९५४ मध्ये पिएर मांदेस फ्रान्स पंतप्रधान असताना शाळांमधून दुधाचा पेला वाटायला सुरुवात झाली होती, आणि ते स्वतः सार्वजनिक ठिकाणी दूध पिताना दिसले म्हणून त्यांची यथेच्छ टिंगल झाली. त्याच वर्षी त्यांनी मद्यपानाच्या अभ्यासासाठी एक उच्च समिती नेमली. तेवीस वर्षांपूर्वी 'प्या' म्हणून समिती, आता 'जपून' म्हणून समिती.

मग ओसरली कशामुळे

इथे चार-पाच उत्तरं नेहमी दिली जातात. माझ्या मते त्यांचं वजन सारखं नाही.

कायद्याचं उत्तर सगळ्यात आधी येतं. १९९१ चा एव्हां कायदा, तेव्हाचे आरोग्यमंत्री क्लोद एव्हां यांच्या नावाने ओळखला जाणारा. त्याने टीव्ही आणि चित्रपटगृहांतली मद्याची जाहिरात बंद केली, खेळांचं प्रायोजकत्व रोखलं. युरोपातली रग्बीची 'हायनेकन कप' स्पर्धा फ्रान्समध्ये नुसती 'एच कप' म्हणून खेळली जायची ती त्यामुळे. कायदा कडक होता, चांगला होता. पण तारखा बघा. १९९१ उजाडलं तोवर घसरणीला तीस वर्षं होऊन गेली होती आणि निम्म्याहून जास्त अंतर कापून झालं होतं. वरात निघून गेल्यावर बँड आला, एवढंच म्हणता येईल.

करांमुळे महाग झाली म्हणावं तर तेही नाही. फ्रान्समध्ये वाइनवरचं उत्पादन शुल्क बाटलीमागे जेमतेम तीन सेंट आहे. व्हिस्कीसारख्या कडक दारूवर ते कित्येक पटींनी जास्त. कराने पिणं कमी झालं असतं तर व्हिस्की घटायला हवी होती आणि वाइन टिकायला. झालं नेमकं उलटं. स्कॉच व्हिस्कीच्या बाटल्यांच्या संख्येत फ्रान्स वर्षानुवर्षं जगात पहिला होता. २०२२ ला त्याला मागे टाकलं ते भारताने.

एकूण आकडा फोडला की हीच गोष्ट दिसते. घसरण जवळजवळ सगळी वाइनची आहे, थोडी सायडरची. बियर आणि कडक दारू थोड्याफार चढउताराने जागच्या जागी. १९६० च्या सुमाराला तान्ह्या बाळांसकट दरडोई १२० लिटर वाइन व्हायची, आता ती ४० लिटरच्या आसपास आहे. आणि वाइनमध्येही कोणती? चांदण्यांच्या बाटलीतली. हिरव्या छापाची, गावाचं नाव लावणारी वाइन याच काळात वाढत होती. म्हणजे माणसं वाइन सोडत नव्हती. *रोजची* वाइन सोडत होती. रोजचा लिटर गेला आणि रविवारची बाटली आली.

रोजचा लिटर का गेला, याचं उत्तर दारूच्या दुकानात शोधून सापडत नाही. ते नळावर, शेतावर आणि रस्त्यावर सापडतं. १९५४ च्या जनगणनेत फ्रान्समधल्या जेमतेम ५८ टक्के घरांत वाहतं पाणी होतं. विहिरीच्या पाण्यापेक्षा वाइन भरवशाची, हे आजीचं म्हणणं तेव्हा अगदीच वेडगळ नव्हतं. पुढच्या वीस वर्षांत नळ घरोघरी गेला, मागोमाग बाटलीबंद पाणी आलं, सोडा-सरबतं आली. १९५४ ला काम करणाऱ्यांपैकी चौथा हिस्सा शेतीत होता. दिवसभर नांगर, कुदळ, ऊन, आणि वाइनमधून मिळणारी ऊर्जा ही खरोखर ऊर्जा म्हणून मोजली जायची. ती माणसं शहरात आली, खुर्चीवर बसली. दोन तासांचं दुपारचं जेवण आखडत गेलं. कामगार कायद्यात आजही लिहिलंय की कामाच्या जागी वाइन, बियर, सायडर आणि नासपतीची सायडर सोडून दुसरं मद्य आणायचं नाही. बंदीतसुद्धा चार अपवाद! पण अपवाद वापरणारा माणूसच उरला नाही. घरोघरी मोटार आली आणि तिच्या मागोमाग १९७० ला चालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा, १९७८ ला रस्त्यावरची अचानक तपासणी, १९९५ ला मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅमवर. दुपारी दोन पेले घेऊन गाडी काढणं महागात पडायला लागलं.

पण माझ्या मते सगळ्यात निर्णायक गोष्ट याहून साधी आहे. रोज पिणाऱ्यांनी फारसं सोडलंच नाही. ते म्हातारे झाले आणि गेले. १९८० साली निम्मे प्रौढ, ५१ टक्के, रोज किंवा जवळपास रोज वाइन घेत होते. २०२२ ला ११ टक्के. या ११ टक्क्यांत तरुण शोधायला भिंग लागेल. युद्धाआधी जन्मलेल्या पिढीच्या ताटाशेजारी बाटली होती. त्यांच्या मुलांनी ती पाहुणे आल्यावर उघडली. नातवंडं शुक्रवारी रात्री बियर घेतात, आणि एकदम जास्त घेतात, ही फ्रेंच डॉक्टरांची नवी तक्रार. आपल्याकडे पानाचं तबक असंच गेलं. कोणी मोडीत काढलं नाही. ज्यांच्या हातात ते होतं ते हात गेले.

आकडा कमी झाल्याने काय साधलं? लोकसंख्येचे अभ्यासक सुली लेदरमान यांनी १९५० च्या दशकात एक गोष्ट मांडली होती. समाजाची सरासरी आणि अतिरेकी पिणाऱ्यांचं प्रमाण या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. सरासरी हलली की टोकही हलतं. त्यांच्यासमोर दुसऱ्या महायुद्धाचं उदाहरण होतं. जर्मन ताब्यात असताना वाइनचं रेशनिंग झालं आणि पॅरिसमधले यकृताच्या सिरोसिसचे मृत्यू झपाट्याने उतरले. युद्धानंतर वाइन परतली, मृत्यूही परतले. त्यांच्या सूत्राच्या गणितावर पुढे बरेच वाद झाले, पण दिशा बरोबर ठरली. १९७० च्या दशकापासून सिरोसिसचे मृत्यू पुरवठ्याच्या मागोमाग खाली येत गेले. तरीही २०१५ साली फ्रान्समध्ये दारूने ४१,००० मृत्यू झाले असा सरकारी आरोग्य संस्थेचा अंदाज आहे. सव्वा पेगाची सरासरीसुद्धा स्वस्त नाही.

गंमत अशी की १९९१ मध्ये, जेव्हा फ्रेंच माणूस रोजचा पेला खाली ठेवत होता, तेव्हाच अमेरिकी टीव्हीवर 'फ्रेंच विरोधाभास' गाजला : लोणी-चीज खाऊनही यांना हृदयविकार कमी, कारण लाल वाइन. अमेरिकेत लाल वाइनचा खप उसळला. ज्याचं श्रेय दिलं जात होतं ती सवय मूळ घरातून निघून चालली होती.

बागा उशिरा शुद्धीवर आल्या

पिणं उतरायला लागल्यावर पुरवठा लगेच उतरत नाही. द्राक्षाची वेल पंचवीस-तीस वर्षं उभी असते, कर्ज त्याहून जास्त काळ. हा उशीर या प्रकरणातला सगळ्यात महागडा भाग आहे.

पहिला धक्का राजकारणाने दिला. १९६२ ला अल्जीरिया स्वतंत्र झाला. एके काळी जगातला सगळ्यात मोठा वाइन निर्यातदार, मुसलमान बहुसंख्य देश, ज्याचं गिऱ्हाईक जवळपास एकच. फ्रान्सने काही वर्षं माल घेतला, मग दरवाजा लावत नेला. लांगदोकच्या शेतकऱ्याला वाटलं, चला, आता जागा झाली. ती जागा इटलीच्या वाइनने भरली, युरोपच्या सामायिक बाजारातून. ४ मार्च १९७६ ला नार्बोनजवळ मोंत्रदोंला शेतकरी आणि पोलीस समोरासमोर आले, गोळ्या चालल्या, एक शेतकरी आणि एक पोलीस अधिकारी ठार झाला. दोघेही तोपर्यंत अशा वाइनसाठी भांडत होते, जी विकत घेणारा माणूस आधीच वेगळ्या टेबलावर जाऊन बसला होता.

त्यानंतर युरोपच्या पैशाने खोडं उपटणं सुरू झालं. लांगदोक-रुसियोंच्या बागा काही दशकांत जवळपास निम्म्या झाल्या. आरामों गेली, तिच्या जागी सिराह, ग्रनाश, मेर्लो आली. उरलेल्यांनी खरोखर चांगली वाइन करायला घेतली, आणि हे यश आहे.

इथे सोव्हिएत संघाची आठवण काढली पाहिजे. गोर्बाचेव्हनी १९८५ च्या मे महिन्यात दारूविरोधी मोहीम सुरू केली तेव्हा आधी पुरवठा कापला. मोल्दोव्हा, क्रिमिया, जॉर्जियातल्या बागा उपटल्या. पुरुषांचं आयुर्मान खरंच वाढलं. पण पिणारा होता तिथेच होता. साखर दुकानातून गायब होऊन घरोघरी समागोन गाळला जाऊ लागला, मोहीम काही वर्षांत विरली आणि आकडे पुन्हा चढले. फ्रान्समध्ये क्रम उलटा होता. पिणारा आधी बदलला, बाग मागाहून गेली. म्हणून आकडा परत चढला नाही. पण बागवाल्याला मागे राहण्याची किंमत मोजावी लागली, आणि ती अजून मोजणं चालू आहे.

२०२३ साली फ्रान्समध्ये सुमारे ४.८ कोटी हेक्टोलिटर वाइन झाली आणि देशात खपली साधारण निम्मी. बाकीची निर्यातीवर अवलंबून, आणि निर्यातही थकलेली. त्या वर्षी २० कोटी युरो खर्चून शिल्लक वाइन उकळवून तिचं अल्कोहोल करायचं ठरलं. ते सॅनिटायझरमध्ये, परफ्यूममध्ये गेलं. यावेळी संकटात लांगदोकबरोबर बोर्दोही होतं. ज्या बोर्दोच्या नावाला जग टोपी काढतं तिथल्या साध्या लाल वाइनच्या बागांसाठी हेक्टरी ६,००० युरो देऊन ९,५०० हेक्टर काढण्याची योजना आली. चांदण्यांची बाटली मेली तेव्हा बोर्दोला वाटलं होतं की हे आपलं दुखणं नाही. आता रविवारची बाटलीही कमी उघडते.

या सगळ्यात राजकारणी भाषा मात्र जागची हलत नाही. २०१९ च्या जानेवारीत फ्रान्सचे कृषिमंत्री वाइन ही इतर दारूसारखी दारू नव्हे अशा अर्थाचं बोलले आणि डॉक्टर खवळले. आपल्याकडे २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य जसंच्या तसं ऐकू आलं, आणि अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. दोन्हीकडे वाक्याचा धनी द्राक्ष शेतकरी असल्याचं सांगितलं गेलं. नारायणगावला १९८० च्या दशकात फ्रेंच जाणकारांच्या मदतीने फेसाळती वाइन तयार झाली, दिंडोरीत शांदोंची वायनरी आली, हे सगळं खरं. पण नाशिकचं द्राक्ष बहुतांशी खायचं आहे, आणि आपल्याकडे वाइन जेवणाच्या ताटावर कधी आलीच नव्हती. फ्रान्सचा आलेख इथे उलटा लावून 'त्यांच्यासारखी वाइन संस्कृती आली की शेतकरी तरेल' असं सांगणाऱ्याने आधी लांगदोकला जाऊन यावं.

२०२४ च्या शरदात युरोपीय आयोगाने आणखी १२ कोटी युरोंना मंजुरी दिली : हेक्टरी ४,००० युरो, ३०,००० हेक्टरपर्यंत, द्राक्ष कायमचं काढायचं. नाशिकला भाव पडला की शेतकरी स्वखर्चाने बागेवर कुऱ्हाड चालवतो, तारा आणि अँगल भंगारात विकतो. तिथे अर्ज भरावा लागतो. तो मंजूर झाला की ट्रॅक्टरला आकडा लावून एकेक खोड मुळासकट ओढायचं, तारा गुंडाळायच्या, खुंट्या काढायच्या आणि खोडांचा ढीग बांधाला लावून पेटवायचा. मग पाहणीला माणूस येतो, हेक्टर मोजतो आणि सही करतो.